एकेचाळिसाव्या अंकाचं शेवटचं पान

आप्पा शेडबाळ्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाहुण्याच्या टी-शर्टाकडे बोट केलं आणि विचारलं, “ह्याला कावीळ कधी झाली?”

टी-शर्टावर तडितसेन होता. सोनेरी अंगाचा, पोटावर कासवाच्या पाठीसारखे चौकोन असलेला.

“सर, ते सोन्याचं चिलखत आहे,” निषाद बापट म्हणाला. तो त्याच दिवशी सकाळी पुण्याहून कोल्हापुरात उतरला होता. बत्तीसचा असेल. दाढी मोठ्या माणसाची, डोळे चौथीतल्या मुलाचे.

“आणि पोट कुठं गेलं?”

“कोणाचं सर?”

“तडितसेनचं. पोट होतं त्याला. माझ्या मेव्हण्यावरनं काढलावता मी. तालमीत जायचा तो. पैलवानाला थोडं पोट असतंयच. पोट नसलेला पैलवान म्हणजे उपाशी पैलवान.”

“आणि घोंगडी कुठाय त्याची?” आप्पांच्या बायकोनं, मालनकाकूंनी, स्वयंपाकघरातून विचारलं. तिथून त्यांना दिसत काही नव्हतं, ऐकू सगळं यायचं.

“काकू, घोंगडीचा आम्ही केप केलाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे पाठीवरून असं… खाली सोडलेलं…”

“मग घोंगडीच की ओ ती!”

मी कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसून हसत होते. हसत होते म्हणजे हसल्यासारखं करत होते.

ही दोन हजार चौदा सालातली गोष्ट. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची, माझं छोटं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. त्या सकाळी हा निषाद दुकानात आला आणि त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक जुना अंक असा काढला, जसं काही आजोबांचे दात काढतोय. मलपृष्ठावर मुंगीएवढ्या टायपात छापलं होतं, ‘अक्षरे : शालन’.

“तुम्हीच का शालन?”

मी सुखावले. माझ्या नावाची चौकशी करत गॅसवाला सोडून दुसरं कोणी कधी आलं नव्हतं. त्याला आप्पांचं घर हवं होतं. मी दुकानाला कुलूप लावून त्याला घेऊन गेले. वाटेत त्यानं तो कशासाठी आलाय ते सांगितलं, आणि मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

‘उडती घोंगडी’ हे मासिक आता कोणाला आठवत नसेल. सोळा पानं, रंग दोनच, निळा आणि तांबडा. त्यामुळे आमच्या कुहरद्वीपात समुद्र निळा आणि बाकी सगळं तांबडं, झाडंसुद्धा. हे एक धुक्यातलं बेट. तिथली झाडं खोटं बोलायची, राजधानी एका झोपलेल्या कासवाच्या पाठीवर होती आणि कासव कूस बदलेल या भीतीनं लोक शिंकायचे नाहीत. तिथं तडितसेन घोंगडीवरून उडायचा आणि काळमुख नावाच्या दुष्टाशी लढायचा. गोष्ट आप्पांची, चित्रं आप्पांची. छापखाना आणि मासिक बाबूराव पाटण्यांचं. अक्षरं माझी. मी दहावी नापास, अक्षर मात्र वळणदार. दुकानांच्या पाट्या बघत बघत गिरवलेलं. आप्पांचं अक्षर असं, की आज लिहिलेलं उद्या त्यांनाच लागायचं नाही. म्हणून मी पात्रांची वाक्यं वेगळ्या पातळ कागदावर लिहायची, कातरायची आणि चित्रात त्यांनी सोडलेल्या फुग्यांमध्ये खळीनं चिकटवायची.

साडेतीन वर्षं चाललं. एकेचाळिसाव्या अंकानंतर बंद पडलं आणि जग विसरलं. निषाद मात्र विसरला नव्हता. निपाणीला मामाच्या ट्रंकेत त्याला सगळे अंक सापडले होते, नऊ वर्षांचा असताना. आता त्याची कंपनी हेच काम करायची. जुने, विसरलेले नायक आणि त्यांची जगं शोधून काढायची आणि नव्यानं कॉमिक्स काढायची. तडितसेनचे बारा अंक मंजूर झाले होते. फक्त आप्पांची सही हवी होती.

आणि आप्पा? मासिक सोडल्यापासून अठ्ठावीस वर्षं त्यांनी माणसाचा चेहरा काढला नव्हता. ते गाड्यांच्या नंबर प्लेट रंगवायचे. अक्षर वाईट, पण आकडे असे की ट्रकवाले कागलहून यायचे. मी एकदा विचारलं होतं, आप्पा, चित्रं का सोडली? म्हणाले, “आकड्यांना तोंड नसतंय. कोण त्यांच्या तोंडात काय घालत न्हाई.”

ते ऐकून मी घरी जाऊन जेवले नव्हते.

निषादनं पिशवीतून शेवटची वस्तू काढली. एकेचाळिसाव्या अंकाचं शेवटचं पान, काचेसारखं लॅमिनेट केलेलं.

“आणि सर, हे. हे पान म्हणजे आमची सगळी मालिका आहे.”

आप्पांनी मान भिंतीकडे वळवली.

पानावर एकच मोठं चित्र होतं. काळमुखाचा दरबार. साखळदंडांनी बांधलेली प्रजा. सिंहासनावर काळमुख. आणि छत फोडून घोंगडीवरून उतरणारा तडितसेन. त्याच्या तोंडाजवळच्या फुग्यात लिहिलं होतं, ‘हे सारे माझे गुलाम! एकेकाला दरीत लोटा!’ आणि काळमुखाच्या फुग्यात, ‘भिऊ नका. मी आलोय.’ खाली, क्रमशः.

“मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस बोललो नाही सर,” निषाद म्हणाला. “मामानं विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, मामा, तडितसेन फिरला. आणि पुढचा अंकच नाही! तेवीस वर्षं मी विचार करतोय, का फिरला? आणि काळमुखाच्या तोंडी, ‘भिऊ नका, मी आलोय.’ काय ओळ आहे सर! जगात कोणी इतकं धाडस केलं नव्हतं.”

“ते मी लिहिलेलं न्हाई.”

“सर?”

“बाबूरावनं केलं ते. मला न विचारता. माझा तडितसेन प्रजेला दरीत लोटा म्हणंल? अरे तो मुंगीला वाट सोडणारा!” आप्पांचा आवाज चढला. “मी गावाला गेलोवतो, अंक आठवड्यानं हातात पडला, तसा छापखान्यात गेलो. म्हटलं, हे काय केलंस? तर बाबूराव टपालाच्या पिशवीवर हात ठेवून बसलावता. तीनशे पत्रं. म्हणाला, आप्पा, मी बदललं, माझी अक्कल, बघ कशी पोरं पेटल्यात! मी तिथंच ब्रश मोडला.”

“हे तर…” निषादनं वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्याला ही पण कथाच वाटली असणार.

“सही पाहिजे ना तुला? देतो. पहिल्या पानावर छाप, हे पान खोटं आहे, तडितसेन असं कधी बोलला न्हाई.”

“सर, पण मग मालिकाच उरत नाही. बारा अंक याच प्रश्नावर उभे आहेत, तो का फिरला.”

“आणि ते पान ऱ्हायलं तर मी उरत न्हाई.”

निषादनं चेहरा पुसला. “सर, मला उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. नाहीतर ते दुसरा नायक घेणार आहेत. पाणघोड्यावरून फिरणारा एक राजपुत्र. सोलापूरचा.”

“सोलापूरचा?” आप्पा खुर्चीत सरळ झाले. “पाणघोडा? चंद्रभागेत?”

“काल्पनिक आहे सर.”

“तरी पण!”

निषाद पुण्याला फोन लावायला अंगणात गेला. नव्या प्लेटा वाळत घातल्या होत्या, त्यांच्यामधून पाय उचलत उचलत. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. काकू शेंगदाण्याचं कूट करत होत्या.

“काकू, थांबा जरा. मला एक सांगायचंय.”

“सांग की. कान काय खलबत्त्यात न्हाईत.”

“ते पान बाबूरावांनी बदललं नव्हतं.”

बत्ता हवेत थांबला.

“मी चिकटवलं चुकून. उलटं.”

आणि मग अठ्ठावीस वर्षं तोंडात धरलेली गुळणी टाकावी तसं मी सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. आईनं छापखान्यात तीनदा निरोप पाठवला होता, पोरी, ये, साडी नेसायचीय. शेवटचं पान राहिलं होतं. दोन्ही वाक्यं कातरून टेबलावर ठेवली होती, फुग्यांचा आकार सारखाच. आणि बाबूरावांनी त्याच आठवड्यात नवा टेबलफॅन आणला होता. त्यांनी तो मला वारा लागावा म्हणून प्रेमानं माझ्याकडे वळवला. कागद उडाले. मी टेबलाखालून गोळा केले, खळ लावली, चिकटवले आणि पळाले. बाबूरावांनी तपासलं, पण ते फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायचे. ऱ्हस्व-दीर्घ बरोबर होतं.

“मग सांगितलं का न्हाईस?”

“सांगायलाच गेले होते, काकू. दारात पोचले तर आत बाबूराव म्हणत होते, मी बदललं, माझी अक्कल. आणि आप्पा ओरडत होते. मी अठरा वर्षांची. चप्पल पायातच होती. तशीच मागं फिरले.”

काकूंनी बत्ता खाली ठेवला. आता रडतील, मला जवळ घेतील, असं मला वाटलं. दर संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन येते, दिवाळीला चकल्या आणते, त्यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला मीच सोबत होते. त्या सगळ्यांना सांगायच्या, शालन म्हणजे माझी लेकच.

“अगं भवाने!” काकू म्हणाल्या. “अठ्ठावीस वर्षं मी त्या बाबूरावच्या सुलभाशी बोलले न्हाई! देवळात ती डावीकडं बसली की मी उजवीकडं. तो गेला तर मी मातीलासुद्धा गेले न्हाई. दोन गल्ल्या सोडून घर, आणि मी भाजीला उलट्या वाटेनं जाते. उलट्या वाटेनं, शालन! माझे गुडघे गेले!”

“काकू, हळू…”

“आणि तुझ्या चकल्या! मी म्हणायची, काय जीव आहे पोरीचा. जीव कसला, दंड भरत होतीस!”

दारात आप्पा उभे होते. त्यांच्या मागे निषाद, फोन कानाला तसाच, तोंड उघडं.

फोनमधून कोणीतरी “हॅलो? हॅलो?” म्हणत होतं.

“पंखा?” आप्पांनी विचारलं.

“हो.”

“टेबलफॅन?”

“हो, आप्पा.”

“बाबूरावचा?”

“त्यांचाच. नवा.”

“म्हणजे शेवटी बाबूरावच!” आप्पा म्हणाले. पण हे म्हणताना त्यांना जोर आला नाही. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “आणि ते बेणं म्हणालं, मी बदललं. तीनशे पत्रं बघून म्हणालं.” आणि पुन्हा, माझ्याकडे न बघता, “घरी जावा सगळी.”

“सर, करार…” निषाद पुटपुटला.

“ठेव तिथं.”

मी घरी आले. जेवणावर मन नव्हतं. नवऱ्याला सगळं सांगितलं, कारण त्या दिवशी जे पाहुणे बघायला आले होते, ते हेच. म्हटलं, “हे सगळं तुमच्यामुळं झालं.”

“अठ्ठावीस वर्षांत चांगलं काही माझ्यामुळं झालं असलं तर तेही सांग,” आमचे चौगुले म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. त्या एका दिवसात माझ्या हातून दोन चुका झाल्या होत्या. एक छापून आली, दुसरी समोर बसून आमटी भुरकत होती. तरी उठताना माझ्या ताटात भाकरीचा चतकोर ठेवून गेले, तेवढं सांगते.

सकाळी दहाला काकूंचा फोन आला. “ये,” एवढंच. ‘बाळ’ नाही, ‘शालन’ नाही. मी निषादला लॉजवर फोन केला आणि दोघं गेलो. वाटेत तो म्हणाला, “ताई, मला एक कळत नाही. म्हणजे तडितसेन फिरलाच नव्हता?”

“नाही रे बाबा.”

“तेवीस वर्षं!” तो चालता चालता थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कळेना. मग म्हणाला, “मामाला फोन करायला पाहिजे.”

आप्पा खाली सतरंजीवर बसले होते. आजूबाजूला रंगाच्या डब्या, तांबडी आणि निळी. समोर कराराचे कागद उलटे पसरलेले. अंगणात एकही प्लेट वाळत नव्हती.

“सर, तो स्टँपपेपर आहे!” निषाद ओरडला.

“मागनं कोराच आहे की. चांगला कागद आहे. असा कागद बाबूरावनं कधी दिला न्हाई.”

आम्ही वाकून बघितलं. दरबार तोच होता. छत फुटलेलं, साखळदंड, प्रजा. रेषा थरथरत होती, पण घोंगडीची एक एक गाठ जागेवर होती. मधोमध तडितसेन, पोटासकट. मिशा पांढऱ्या.

“म्हातारा केला तुम्ही त्याला,” मी म्हटलं.

“अठ्ठावीस वर्षं दरबारात तसाच उभा आहे. म्हातारा होणारच.”

त्याचा हात स्वतःच्या तोंडावर होता आणि डोळे विस्फारलेले. आपण हे काय बोललो, असे. तसा चेहरा मी आप्पांच्या हातून पूर्वीही कधी उतरलेला पाहिला नव्हता. आणि सिंहासनावर काळमुख, बिचारा त्याहून घाबरलेला. ‘भिऊ नका, मी आलोय’ असं तोंडून निघून गेल्यामुळे त्याची सगळी प्रजा त्याच्याकडे आशेनं बघत होती.

“आणि ही कोण?” निषादनं विचारलं.

खांबाआड एक मुलगी होती. दोन वेण्या, तांबड्या रिबिनी, अर्धवट नेसलेली साडी, कमरेला कातर खोचलेली. एका हातात खळीची वाटी. दुसऱ्या हातात, ढालीसारखा धरलेला, टेबलफॅन. वाऱ्यानं सगळ्या दरबारात कागदाचे कपटे उडत होते.

“वाचापालटी,” आप्पा म्हणाले. “कुहरद्वीपातली चेटकीण. पंखा फिरवला की माणसांचे शब्द उडून भलत्याच्या तोंडात बसतात. तडितसेन फिरला न्हाई. त्याची वाचा चोरली हिनं. आता तो बारा अंक हिला शोधंल. झाली का न्हाई मालिका?”

निषाद मटकन सतरंजीवर बसला. त्यानं वही काढली आणि ‘वाचापालटी’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. पुढे या चेटकिणीला तडितसेनपेक्षा जास्त पत्रं आली, ते सोडा.

मी त्या मुलीकडे बघत होते. वेण्या माझ्या होत्या. कातरही माझीच. आप्पांना रिबिनींचा रंग आठवत होता.

“नाक मोठं काढलंय,” मी म्हटलं.

“चेटकिणीचं नाक आहे ते. तुझं त्याहून मोठं आहे.”

कोपऱ्यात, जुन्या जागी, आप्पांची सही होती. निषादनं पान उलटून बघितलं. सहीच्या जागी, पुढच्या बाजूला, काहीच नव्हतं.

“सही इकडे हवी होती, सर.”

“मी चित्रावरच सही करतो. तुझ्या वकिलाला सांग, कागद उलटा धर.”

वाचापालटीच्या डोक्यावर एक फुगा होता. रिकामा. आप्पांनी पातळ कागदाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला, आणि बोरूही.

“ती काय म्हणते, ते तू लिही. माझं अक्षर तुला माहितीय.”

मी बोरू शाईत बुडवला. बऱ्याच वर्षांनी धरला होता, झेरॉक्सच्या दुकानात लागत नाही. आधी हाताला आलं तेच लिहिलं. ‘चुकलं, आप्पा. माफ करा.’ वळण बरं आलं होतं.

आप्पांनी वाचलं आणि तुकडा बाजूला सारला. “चेटकीण माफी मागती व्हय? पहिल्याच अंकात? गोष्ट बुडवतीस का माझी परत?”

“मग काय लिहू?”

“लिही की काहीतरी फाजील. आठव, अठराची होतीस.”

मी दुसरा तुकडा घेतला. विचार केला आणि लिहिलं, ‘आता कोणाच्या तोंडात कोणाचे शब्द घालू?’

“हां,” आप्पा म्हणाले.

काकू इतका वेळ दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कालपासून त्या माझ्याशी चार शब्दही धड बोलल्या नव्हत्या. त्या पुढं आल्या, बाजूला सारलेला पहिला तुकडा उचलला, कातर घेतली आणि त्यातला ‘आप्पा’ हा शब्द नीट कातरून काढला. उरलेले कपटे पदराच्या टोकाला बांधले.

“ते कशाला, काकू?”

“मला लागणार आहे,” त्या म्हणाल्या. “सुलभाकडं जायचंय. मला असलं बोलायला जमत न्हाई, दाखवीन. आणि तू चल माझ्याबरोबर, उद्या. सरळ वाटेनं.”

आप्पांनी खळीची वाटी माझ्याकडे सरकवली. मी तुकड्याच्या मागं खळ लावली आणि चिकटवायच्या आधी फुग्याचं शेपूट कोणाच्या तोंडाकडे गेलंय ते बघितलं. मग पुन्हा बघितलं. मग बोट ठेवून तिसऱ्यांदा.

“आता चिकटव बाई,” आप्पा म्हणाले. “पंखा मी कधीच बंद केलाय.”